सूचक, अनुमोदक आणि बिर्याणी

२०२० च्या एप्रिलमध्ये जगापुढे लशीचा प्रश्न होता आणि पुण्यातल्या आमच्या सोसायटीपुढे बिर्याणीचा. लशीवर निदान शास्त्रज्ञ काम करत होते. बिर्याणीवर कमिटी बसली होती.

वास्तविक केंद्र सरकारने हा प्रश्न पहिल्याच रात्री सोडवून ठेवला होता. २४ मार्चला रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर केली, पाठोपाठ गृह मंत्रालयाचे नियम आले आणि त्यांत अन्न-औषधं घरपोच द्यायला मुभा होती. म्हणजे हॉटेलात जाऊन खायचं नाही, पण हॉटेल तुमच्याकडे चालून आलं तर सरकारची ना नाही. मात्र सरकारची ना नसणं ही आमच्याकडे फारच किरकोळ परवानगी समजली जाते. राज्यघटनेत केंद्रसूची, राज्यसूची आणि समवर्ती सूची अशा तीन सूच्या आहेत. चौथी गेटवर, वॉचमनच्या केबिनला चिकटवलेली असते आणि ती बाकी तिघींना भारी पडते.

तेव्हा रीतसर ऑनलाइन सभा बोलावण्यात आली. विषय क्रमांक १: ‘बाहेरील तयार खाद्यपदार्थ (पार्सल) सोसायटीच्या आवारात येऊ देणेबाबत.’ विषय क्रमांक २: ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’ विषय मांडला डी विंगमधल्या भाडेकरू मुलांनी. तीन मुलं, दोन खोल्या, एक इंडक्शन शेगडी. मेस बंद, टपरी बंद, गावाकडे जायला एसटी बंद. मॅगीच्या पलीकडे त्यांचं पाकशास्त्र गेलेलं नव्हतं. त्यांचं म्हणणं सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग सेक्रेटरींनी उपविधी उघडून सांगितलं, की भाडेकरूंना सभेत मत नसतं. मुद्दा चांगला आहे, पण तो सभासदाने मांडायला हवा.

सभासद म्हणजे ज्याच्या नावावर फ्लॅट आहे तो. आमच्याकडे बहुतेक फ्लॅट काकांच्या नावावर आहेत आणि बहुतेक स्वयंपाक काकूंच्या. त्यामुळे सभेची रचना अशी झाली: ज्यांना पार्सल हवं होतं त्यांना मत नव्हतं, जे पार्सल नसताना रांधणार होते त्यांनाही मत नव्हतं आणि ज्यांना मत होतं ते आयत्या ताटावर बसणारे होते. लोकशाहीचं इतकं निर्मळ रूप विधिमंडळातही क्वचितच दिसतं.

चर्चा सुरू झाली ती विज्ञानापासून. बी विंगमध्ये एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. टाळेबंदी लागल्यावर आठवड्याभरात ते विषाणुतज्ज्ञ झाले होते. मार्चमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक शोधनिबंध आला होता. प्रयोगशाळेत हा विषाणू तांब्यावर चार तासांपर्यंत, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत आणि प्लास्टिक व स्टीलवर ७२ तासांपर्यंत तग धरून राहिल्याचं त्यात म्हटलं होतं. त्यावरून साहेबांनी सूत्र काढलं: पार्सल आलं की पुठ्ठ्याचा खोका एक दिवस आणि प्लास्टिकचा डबा तीन दिवस बाल्कनीत ठेवायचा, मग उघडायचा. एप्रिलचं पुण्याचं ऊन आणि मटण बिर्याणी यांचा हिशेब कोणीतरी दबक्या आवाजात मांडून पाहिला. तीन दिवसांनी त्या डब्यात कोरोनाचा विषाणू नसेल हे सगळ्यांना मान्य झालं. आणखी काय काय असेल, हे इतिवृत्तात घेऊ नये असं ठरलं.

तांब्याचा आकडा ऐकताच मात्र सभेत चैतन्य पसरलं. पूर्वजांना सगळं ठाऊक होतं, असा एक सूर निघाला. माळ्यावरचे गडू, घंगाळं आणि लग्नातल्या कळश्या खाली उतरल्या. ग्रुपवर त्यांचे फोटो आले. बिर्याणी तांब्याच्या हंडीत आणणाऱ्या हॉटेललाच परवानगी द्यावी, अशी उपसूचनाही आली. पण कल्हईवाला अत्यावश्यक सेवेत मोडत नाही, या कारणास्तव ती बारगळली.

अन्नातून हा रोग पसरत असल्याचा पुरावा नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगत होती. हे मी ग्रुपवर टाकलं. उत्तर आलं, “साहेब, त्यांनी तर मास्कचंही आधी वेगळं आणि नंतर वेगळं सांगितलं.” आता यावर काय बोलणार? विज्ञान नवी माहिती मिळाली की मत बदलतं, हाच आमच्याकडे विज्ञानावरचा सर्वांत मोठा आक्षेप आहे. अफवेचं तसं नसतं. चिकन खाल्ल्याने कोरोना होतो, ही अफवा फेब्रुवारीत आली तेव्हा राज्यातले पोल्ट्रीवाले देशोधडीला लागायची वेळ आली. कोणी कोंबड्या मातीमोल भावाने विकल्या, कोणी फुकट वाटल्या. सरकार ‘चिकन सुरक्षित आहे’ असं घसा कोरडा होईस्तोवर सांगत राहिलं, कोणी ऐकलं नाही. घरात कोंडल्यावर महिन्याभरात तेच लोक चिकनच्या दुकानापुढे खडूने आखलेल्या वर्तुळांत उभे होते. अफवा खोटी ठरली नव्हती. फक्त रविवार आला होता.

एप्रिलच्या मध्यावर दिल्लीहून बातमी आली. दक्षिण दिल्लीत पिझ्झा पोचवणाऱ्या एका मुलाला कोरोना झाला आणि त्याने पार्सल दिलेल्या ७२ कुटुंबांना घरात विलग राहायला सांगितलं गेलं. पार्सलविरोधकांच्या हाती कोलीतच मिळालं. ‘पाहा, आम्ही म्हणत नव्हतो?’ असे संदेश पहाटे पाचपासून सुरू झाले. तो मुलगा आम्हा सगळ्यांच्या दृष्टीने एक धोका होता. त्याने दारोदार धोका वाटला, यावर एकमत झालं. इतकी दारं हिंडणाऱ्या मुलालाही एखाद्या दारातून काही मिळालेलं असू शकतं, ही शक्यता आमच्या ग्रुपवर कोणाच्या डोक्यात आली नाही. विषाणू आमच्याकडे येतो, आमच्याकडून जात नाही, हे आमच्या सोसायटीचं मूलभूत संशोधन आहे.

सरकारही या काळात मागे नव्हतं. १८ एप्रिलला राज्य सरकारने आदेश काढला, की वर्तमानपत्रं छापायला हरकत नाही, पण ती घरोघर टाकायची नाहीत. कागदावरून संसर्ग पसरेल, ही भीती. त्याच आठवड्यात पुठ्ठ्याच्या खोक्यातून पिझ्झा मात्र कायदेशीरपणे दारात येऊ शकत होता. म्हणजे नुसता अग्रलेख धोकादायक, पण अग्रलेखात गुंडाळून वडापाव पाठवला असता तर तो अत्यावश्यक सेवेत बसला असता. उच्च न्यायालयानेही या आदेशामागचं तर्कशास्त्र सरकारला विचारलं. तीन दिवसांत आदेश काही भागांपुरता सैल झाला, तरी मुंबईत दारापर्यंत पेपर यायला जून उजाडला. मध्यंतरी मे महिन्यात राज्याने मद्य घरपोच द्यायला परवानगी दिलेली होती. सदर लिहिणाऱ्या माणसाने आपली समाजातली जागा ओळखावी, यासाठी सरकार याहून अधिक काय करणार?

पण सभेत जे कोणीच बोललं नाही ते सांगतो. प्रश्न विषाणूचा नव्हता, भांड्यांचा होता.

मार्चअखेरीस कमिटीने घरकामाच्या मावशींना गेटवरच थांबवलं. पहिले चार दिवस सगळ्या विंगांमध्ये उत्साह होता. काकांनी कणीक मळतानाचे फोटो टाकले, डालगोना कॉफी फेसली गेली, केळ्यांचा केक झाला, घरच्या घरी पाणीपुरी फुगली. पाचव्या दिवशी लक्षात आलं, की पाणीपुरीच्या एका डावाला बारा भांडी पडतात आणि केळ्यांचा केक ज्या साच्यात करपतो तो साचा नंतर कोणीतरी घासायचा असतो. फोटोत काका होते, सिंकपाशी काकू. तेव्हापासून पार्सलबद्दलचं मत आणि सिंकपासूनचं अंतर यांचं थेट प्रमाण दिसू लागलं. जो जितका लांब, तो तितका घरच्या अन्नाचा कट्टर पुरस्कर्ता. ‘बाहेरचं कशाला? घरचं साधं वरण-भात खाऊ’ हे वाक्य मी त्या महिन्यात अनेक पुरुषांच्या तोंडून ऐकलं. त्यांतल्या एकालाही वरणाला हिंग कधी घालतात हे ठाऊक नव्हतं.

अखेर ठराव झाला. पार्सलला तत्त्वतः बंदी, अपवादात्मक परिस्थितीत सवलत. अपवादात्मक म्हणजे औषधं, ज्येष्ठ नागरिकांचे डबे आणि ‘इतर’. आणणाऱ्याने गेटबाहेर टेबलावर पिशवी ठेवायची, सहा फूट मागे सरायचं, वॉचमनने फवारा मारायचा, रजिस्टरात फ्लॅट नंबर आणि वस्तू लिहायची. बंदीनंतर रजिस्टरातल्या ‘औषधे’ या नोंदी भराभर वाढल्या. आमच्या इमारतीचं आरोग्य एकाएकी इतकं ढासळलेलं पाहून काळजीच वाटावी. फक्त शनिवारी रात्री येणाऱ्या औषधांच्या पिशव्यांना केवड्याचा आणि तळलेल्या कांद्याचा वास यायचा. वॉचमन निर्विकार चेहऱ्याने लिहायचा, ‘सी-४०२, औषध, गरम.’

पिशवी वर पोचली की खरा विधी सुरू होई. एकाने हातमोजे घालून पिशवी धरायची, दुसऱ्याने कात्रीने गाठ कापायची, कात्री साबणात टाकायची. डबा न शिवता त्यातला भात वरून घरच्या पातेल्यात ओतायचा. निम्मा ओट्यावर सांडायचा, मग ओटा सॅनिटायझरने पुसायचा. रायता दुसऱ्या पातेल्यात, रस्सा तिसऱ्या. सगळं पुन्हा खळखळून उकळायचं. रिकामे डबे घासून मगच कचऱ्यात. भांडी घासायला लागू नयेत म्हणून मागवलेल्या जेवणाची भांडी घासता घासता रात्रीचे अकरा वाजत. स्विगीने जुलैत आकडे प्रसिद्ध केले, की टाळेबंदीत देशभर बिर्याणी साडेपाच लाखांहून अधिक वेळा मागवली गेली. आमच्या सोसायटीचा त्यात वाटा शून्य होता. तसं सगळ्यांनी ग्रुपवर लिहून दिलं होतं.

पार्सलची आणखी एक रांग त्याच शहरात लागत होती. २६ जानेवारीला सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी टाळेबंदीत पाच रुपयांना झाली आणि पुड्यात बांधून मिळू लागली: दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात, शंभर ग्रॅम वरण. त्या रांगेत पुठ्ठ्यावर विषाणू किती तास जगतो यावर चर्चासत्र झाल्याचं ऐकिवात नाही. तिथे माणूस किती तास जगतो हा विषय होता. घेणाऱ्याला उपसूचना मांडायची नव्हती, त्यामुळे कामकाज लवकर आटोपायचं.

मग २०२१ चा एप्रिल आला. ‘ब्रेक द चेन’चे आदेश निघाले, किराणा सकाळी सात ते अकरा, हॉटेलात बसणं पुन्हा बंद. आदल्या वर्षी रुग्ण कमी होते तेव्हा आम्ही दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो. आता खाट मिळेना, ऑक्सिजन मिळेना, विंगेत घरटी एक आजारी. अशा वेळी पुण्यात कोण कुठल्या बायकांनी आपापल्या घरी जास्तीची कणीक मळली आणि डबे करून दिले, आणि कोण कुठली मुलं ते डबे दारापर्यंत पोचवत राहिली. सहाव्या मजल्यावरही. बँक मॅनेजरसाहेबांकडे दोन आठवडे डबा येत होता. प्लास्टिकचा. त्यांनी तो बाल्कनीत ७२ तास ठेवला नाही. कोणी आणला, कोणत्या हातांनी आणला, रजिस्टरात काय लिहिलं, हे तेव्हा कोणी विचारलं नाही. सभाही बोलावली नाही. खरा धोका आला तेव्हा आमच्या सगळ्या सावधगिरीला सुट्टी होती.

साथ ओसरली. नियम एकेक करून गळून पडले. ऑक्सिमीटर ड्रॉवरमध्ये गेला, सॅनिटायझरच्या स्टँडवर आता छत्र्या अडकवतात, ७२ तासांचा सिद्धान्त साहेब स्वतःच विसरले. एकच नियम टिकला: ‘डिलिव्हरी बॉईजनी लिफ्टचा वापर करू नये.’ तो विषाणूसाठी केला होता, असं आम्ही अजूनही सांगतो. विषाणू लिफ्टने हिंडतो आणि जिन्याने दमतो, असं कोणत्याही शोधनिबंधात आलेलं नाही. तरीही हा नियम काढावा असं कोणाला वाटत नाही, कारण तो कशासाठी आहे हे सगळ्यांना मनातून ठाऊक आहे.

गेल्या वार्षिक सभेत या नियमाविषयी पहिल्यांदाच तक्रार आली. सहाव्या मजल्यावरच्या सभासदांनी लेखी दिलं होतं, की मुलगा जिन्याने चढेपर्यंत बिर्याणी निवते. विषयाचं गांभीर्य ओळखून सभेने सविस्तर चर्चा केली. लिफ्ट खुली करण्याची सूचना अनुमोदकाअभावी पडली. त्यानंतर पुढील ठराव टाळ्यांच्या गजरात, एकमताने मंजूर झाला: ‘पार्सल गरम पोचवण्याची जबाबदारी ते आणणाऱ्याची राहील. त्यासाठी त्याने जिना पळत चढावा; मात्र पावलांचा आवाज करू नये.’