विसरलेला वर्ग

अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या गृहस्थद्वयाने 1974 साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नामक फाशांवर चालणारा भूमिकांचा खेळ प्रसिद्ध करताना समस्त मानवजातीची योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक अशा तीन वर्गांत वाटणी केली, पुढल्याच वर्षी तीत चोराचीही भर पडली, आणि तरीही कारकुनाचे स्मरण कोणास होऊ नये, हे ज्याने मद्रासचा इतिहास चाळला आहे त्यास चमत्कारिक वाटल्यावाचून राहणार नाही. तेथल्या फोर्ट सेंट जॉर्ज किल्ल्यात कंपनी सरकारने हाच खेळ फाशांवाचून मांडला होता: प्रथम रायटर म्हणजे कारकून, मग फॅक्टर, मग कनिष्ठ व्यापारी, मग वरिष्ठ, नेमलेली वर्षे भरली की बढती, पराक्रमाची अट नाही. मांत्रिकाची उणीव दुभाषाने भरून काढली, कारण नवख्या साहेबाला भाषा, कर्ज आणि गिऱ्हाईक हे तिन्ही तोच पैदा करून देई.

1744 मध्ये सालीना पाच पौंड तनख्यावर येथे रुजू झालेला रॉबर्ट क्लाइव्ह, 1746 त फ्रेंचांनी शहर घेतल्यावर वेषांतर करून निसटला, म्हणजे चोरवर्गात शिरला. वर्षभरात लष्करी हुद्दा मिळवून योद्धाही झाला. असल्या वर्गांतराला त्या खेळाचे हल्लीचे नियमकर्ते सतरा अटी घालतात. कंपनीने जमाखर्च तेवढा पाहिला असावा.

पुढे योद्धे गेले, कंपनीही बुडाली. त्याच किल्ल्यात आज तमिळनाडूचे सचिवालय आहे, आणि कारकून आपल्या जागी कायम आहे.