आधी एक रुपया

माझ्या मावशीच्या लेखी पैसा ही आवाज करणारी वस्तू. पासबुक ती प्लास्टिकच्या पिशवीत आणि पिशवी साडीच्या घडीत जपायची. बँकेतला प्रिंटर कर्रकर्र करीत पेन्शनची ओळ उमटवू लागला, की पहाटेची जात्याची घरघर ऐकावी तशी ऐकत राहायची. मोबाइलमधला पैसा मात्र मुका. यूपीआय एप्रिल २०१६ मध्ये आलं. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या. मावशी घरचं स्टूल घेऊन रांगेत बसली, पण फोनला बधली नाही. आम्ही भाचेमंडळींनी सोयीवर, सुरक्षिततेवर व्याख्यानं झोडली. ती आम्हाला चहा देऊन मोकळी झाली.

तिला वळवलं ते मेथीच्या जुडीनं. भाजीवालीकडे सुट्टे नव्हते, आणि टोपलीशेजारच्या डबीनं दुसऱ्याच गिऱ्हाइकाचे वीस रुपये खणखणीत पुकारले. मुक्याला वाचा फुटली. तीही मराठीत, चारचौघांत! संध्याकाळी मावशी पिन ठेवायला माझ्याकडे हजर. ‘तू तिकडे तोंड कर,’ म्हणाली. लग्नात अंतरपाटामागे उभा होतो, त्यानंतर इतक्या आज्ञाधारकपणे मी कधी उभा राहिलो नव्हतो. पैसे यायला पिन लागत नाही, कुणी मागितला तर तो चोर, हे मी तिला तीनदा सांगितलं. तिनं ते मला चारदा ऐकवलं.

तरी मनातली धाकधूक जाईना. भात शिजला का पाहायला एक शीत बोटात चेपावं, तसा ती आधी एक रुपया पाठवते. मग फोन : ‘पोचला का रे?’ पडद्यावर माझं नाव दिसतं की, म्हटलं तर म्हणते, ‘नावाचं काय, ते मतदारयादीतही चुकतं.’ मग गुडघे, तुळशीला आलेल्या मंजिऱ्या, शेजारच्यांचं मांजर. रुपया पाठवायला काही पडत नाही हे कळल्यापासून तर मूळ रक्कम पाठवायची तिला आठवणही राहत नाही. माझ्या खात्यात असे कितीतरी सुटे रुपये आहेत, आणि खरं सांगायचं तर, ‘पोचला’ म्हणायला मीही हल्ली जरा वेळ लावतो.

गेल्या वाढदिवसाला तिचे ५०१ रुपये आले. आधी एक, मग पाऊण तास फोन, मग पाचशे.