सात आसनी गाडीस अनावृत पत्र

परमपूज्य सात आसनी गाडी,
मुक्काम लिस्बन विमानतळ, भाड्याच्या गाड्यांचा तळ.

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपली ख्याती वसईपर्यंत पोहोचली आहे. किल्ल्यापलीकडे, खाडीच्या तोंडाशी असलेल्या पाचूबंदरात सध्या एका घरी फातिमा आणि लूर्द या युरोपातल्या तीर्थांच्या यात्रेची तयारी चालली आहे. हे घर नावानिशी शोधायला कुणी जाऊ नये. वसईतल्या कुठल्याही कोळीवाड्यात, वाडवळ आळीत किंवा कुपारी गावात ते सापडेल. टूरवाल्याच्या झेंड्यामागे पळायचं नाही, यंदा आपली आपण गाडी घ्यायची, असं तिथे ठरलं. घरच्या कर्त्या नाखवांनी माणसं मोजली: स्वतः, बायको, आजी, मुलगा, सून आणि दोन नातवंडं. सात. तेवढ्यात मोबाइलवर आपला फोटो झळकला. आपल्याही पोटात सात. होडीच्या डिझेलच्या परताव्याचा हिशेब नाखवांना कधी इतक्या लवकर सुटला नव्हता.

धन्य ती आपली उदारता! सात जणांना जागा द्यायची म्हणून आपण सामानाची जागा हसत हसत दान केलीत. आपल्या जर्मन भगिनी फोक्सवॅगन टुरान यांची सातही आसनं उघडली, की मागे उरतात 137 लिटर. डाशिया जॉगर या दुसऱ्या भगिनींकडे साधारण 160. आता बॅगेकडे पाहू. विमान कंपन्या लांबी, रुंदी आणि उंचीची बेरीज बहुधा 158 सेंटिमीटरपर्यंत चालवून घेतात. त्यात बसणारी 75 बाय 50 बाय 30 ची मोठी बॅग म्हणजे 112 लिटर. थोडक्यात सांगायचं, तर सात यात्रेकरूंमागे एक बॅग आणि उरल्या फटीत आजीची जपमाळ. दोन माणसांची खेळण्यासारखी गाडी म्हणून जिला हसतात, त्या फियाट 500 च्या डिकीत 185 लिटर मावतात. पण तिला कुणी मोठी म्हणत नाही.

शिवाय हे लिटर पाण्याने मोजलेले नसतात. युरोपात बहुतेक ठिकाणी जर्मन पद्धत चालते: 20 बाय 10 बाय 5 सेंटिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे डिकीत रचत जायचे आणि किती मावले ते मोजायचे. ठोकळा चाकावरच्या कोपऱ्यात शिरतो, दाराच्या खोबणीत शिरतो. बॅग शिरत नाही. त्यामुळे 137 लिटरमध्ये 112 लिटरची ती एक बॅगही बसेलच, असं आपल्या माहेरचे अभियंतेसुद्धा छातीवर हात ठेवून सांगणार नाहीत.

गंमत अशी, की याच नाखवांना कुणी नवी होडी दाखवली, तर त्यावर किती खलाशी बसतील हा प्रश्न ते सगळ्यात शेवटी विचारतील. आधी खण किती, बर्फ किती मावेल, डोलीची जाळी आणि दोर टाकल्यावर उभं राहायला जागा उरते का, हे पाहतील. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी तळ टेकेल का, हेही विचारतील. खण नसलेली, नुसत्या बाकड्यांची होडी कुणी विकायला आणली, तर तिला मासेमारीची होडी म्हणणार नाहीत, फेरीबोट म्हणतील. पण गाडीच्या बाबतीत तोच माणूस डोकी मोजतो. ही आपल्या छायाचित्रकाराची करामत. आपला फोटो तो नेहमी सातही आसनं उघडून आतून काढतो आणि डिकी दाखवायची असली, की मागची रांग हळूच दुमडून ठेवतो.

सामान कमी न्यावं, असा सल्ला कुणी देईल. त्याने आजीशी बोलून पाहावं. आजीच्या बाजूला खुद्द युरोपीय संघाचा कायदा आहे. बाहेरच्या देशातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत, म्हणजे पेढे गेले, पनीर गेलं. मासळीला मात्र माणशी 20 किलोपर्यंत मुभा आहे, सुक्या मासळीलाही. सुके बोंबील चालतात, सोडे चालतात. एवढंच कशाला, नारळालाही रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागत नाही. अननस, केळी, खजूर आणि दुरियन यांच्या पंगतीत तो सूटप्राप्त फळ म्हणून बसला आहे. हा नियम करताना ब्रुसेल्समध्ये कुणी कोळीण हजर असावी, अशी शंका येते. सात माणसांना कायद्याने 140 किलो मासळी नेता येते आणि आपल्या डिकीत आहेत 137 लिटर. परत करताना आतल्या वासाबद्दल खास सफाईचा आकार लागला, तर तो बोंबलांना लावायचा की आपल्याला, हा पुढचा वाद.

आता थोडं आपल्या जातकुळीविषयी. भाड्याच्या गाडीला चार अक्षरांची कुंडली असते. पहिलं अक्षर आकाराचं, दुसरं घडणीचं, तिसरं गिअरचं, चौथं इंधनाचं आणि एसीचं. ‘सीडीएमआर’ म्हणजे कॉम्पॅक्ट, चार-पाच दारांची, हाताने गिअर टाकायची, एसीसकट. दुसऱ्या जागी ‘व्ही’ आलं, तर प्रवासी व्हॅन. ‘डब्ल्यू’ आलं, तर लांब डिकीची इस्टेट गाडी. नाखवांनी फोटो पाहून गाडी ठरवली, पण फोटोखाली ‘किंवा तत्सम’ असं बारीक छापलेलं असतं. करार त्या चार अक्षरांशी होतो. आपल्या मुखचंद्रम्याशी नाही.

भारतीय माणूस या कुंडलीत आणखी एका ठिकाणी फसतो. 2006 पासून आपल्याकडे चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला करात सवलत मिळाली आणि तेव्हापासून कारखान्यांनी गाड्यांची शेपटं छाटून त्या चार मीटरमध्ये बसवल्या. म्हणून वसईत ‘कॉम्पॅक्ट’ म्हटलं, की डोळ्यांपुढे आखूड गाडी येते. युरोपात त्याच शब्दाखाली फोक्सवॅगन गोल्फ येते: लांबी जवळपास 4.3 मीटर आणि डिकी 380 लिटर. त्याहून खालच्या ‘इकॉनॉमी’ वर्गातल्या पेट्रोल क्लिओची डिकी 391 लिटर. म्हणजे ज्या गाडीला ‘गरिबांची’ म्हणून पाचूबंदरात नाक मुरडलं गेलं, तिची डिकी भरल्या टुरानच्या डिकीच्या जवळपास तिप्पट. अमेरिकेत फसगत उलट्या दिशेने होते. न्यू जर्सीच्या मुलाकडे निघालेल्या आईवडिलांना ‘फुल साइझ’ वाचून बसगाडी येईल असं वाटतं आणि समोर उभी राहते पाच जणांची सेडान. पण अमेरिकी मिनीव्हॅनला मात्र हे पत्र लागू नाही. क्रायस्लर पॅसिफिकाच्या तिसऱ्या रांगेमागे 32.3 घनफूट, म्हणजे 900 लिटरहून अधिक जागा असते. आपण युरोपात जन्मलात, हा आपला दोष नाही.

वसईवर पोर्तुगीजांनी 1534 ते 1739 राज्य केलं, तेव्हा पोर्तुगालच्या गल्ल्या आपल्या ओळखीच्याच असणार, असा नाखवांचा समज आहे. तो काही अगदी चुकीचा नाही. लिस्बनच्या अल्फामा भागातल्या गल्ल्या पाचूबंदरातल्या गल्ल्यांच्या सख्ख्या बहिणी शोभतील, फक्त त्या चढावर आहेत आणि तिथे बोंबील वाळत नाहीत. 28 क्रमांकाची ट्राम तिथे भिंतींना अंग चोरून जाते. तिच्या मागेपुढे आपण सात जणांसह आणि टपावर बांधलेल्या बॅगांसह उभ्या आहात, हे दृश्य आपल्यालाही शोभणार नाही. शिवाय पोर्तुगालने 1928 मध्ये रस्त्याची उजवी बाजू धरली. गोव्यात शेजारच्या ब्रिटिश मुलखामुळे डावी तशीच राहिली. वसई तर त्याआधी जवळपास दोनशे वर्षं पोर्तुगीजांच्या हातून गेली होती. त्यामुळे वारसा कितीही पोर्तुगीज असला, तरी नाखवांच्या चिरंजीवांचा हात डावीकडचा. डाव्या आसनावर बसल्यावर उजव्या अंगाचा अंदाज चुकतो, आणि गाडी जितकी रुंद तितका जास्त चुकतो. भाड्याच्या गाड्यांचे उजवे आरसे आणि उजवी चाकं याची साक्ष देतील.

मग आपल्या थोरल्या बंधूंना, नऊ आसनी व्हॅनला, बोलवावं का? युरोपात चालकाशिवाय आठ जणांपर्यंतची गाडी साध्या मोटारीच्या परवान्यावर चालवता येते, त्यामुळे अडचण कायद्याची नाही. रेनो ट्रॅफिकसारख्या व्हॅनच्या लांब अवतारात शेवटच्या रांगेमागे खरीखुरी जागा असते. बॅगा उभ्या राहतात, बोंबील आडवे झोपतात. पण ही व्हॅन आरशांसकट जवळजवळ सव्वादोन मीटर रुंद आणि दोन मीटरला जेमतेम कमी उंच. जुन्या शहरांतल्या तळघरी पार्किंगच्या दारात 1.90 किंवा 2 मीटरची दांडी लटकलेली असते, तिथे थोरले बंधू डोकं आपटून घेतात.

पोर्तुगालचा टोल हे आणखी एक प्रकरण. तिथे गाडीचा वर्ग ठरवताना आत किती माणसं आहेत हे कुणी विचारत नाही. पुढच्या आसापाशी गाडीची उंची मोजतात. 1.10 मीटरच्या आत असली तर पहिला वर्ग, त्याहून जास्त असली तर दुसरा, आणि टोल वाढीव. सवलतींच्या पोटअटी आहेत, पण त्या वाचायला टोलनाक्यावर सवड नसते. लिस्बनहून फातिमाकडे नेणारा ए-1 हा टोलचाच रस्ता. म्हणजे देवदर्शनाची किंमत गाडीच्या नाकाच्या उंचीवर. वसईकरांना हे नवं वाटायला नको. फेब्रुवारी 2024 मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली, तेव्हापासून दुचाकीचं तिकीट वेगळं आणि मोटारीचं वेगळं, हे त्यांच्या अंगवळणी पडलं आहे.

राहता राहिला दोन गाड्यांचा पर्याय. तो पाचूबंदरात कुणी काढला, की ‘कुटुंब फोडायचं काय?’ असा प्रश्न येतो. हिशेब मात्र असा आहे: दोन गोल्फ घेतल्या, तर डिक्या मिळून 760 लिटर. सात मोठ्या बॅगांना लागतात 784. नातवंडांनी दोघांत एक बॅग केली, की 672, आणि कागदावर तरी प्रश्न मिटला. एक गाडी इस्टेट घेतली, उदाहरणार्थ स्कोडा ऑक्टाव्हिया कॉम्बी, तर एकट्या तिच्यात 640 लिटर. जोडीला क्लिओ घेतली, तर आजीला सोड्यांची वेगळी पिशवीसुद्धा नेता येईल. आजीचे गुडघेही वाचतात. कारण आपल्या तिसऱ्या रांगेत जायचं, तर मधलं आसन पुढे ढकलून, कमरेत वाकून, एक पाय आत आणि एक बाहेर ठेवून आधी प्रार्थना करावी लागते, आणि प्रार्थनेसाठी फातिमा अजून शंभर किलोमीटरहून लांब असतं.

खर्च वाढतो, हे खरं. टोल दोनदा, पार्किंग दोनदा, विमा दोनदा. चालकही दोन हवेत, आणि दोघांकडेही आंतरराष्ट्रीय परवाना हवा. तो एमएच-48 च्या आरटीओतून मिळतो आणि वर्षभर चालतो. दोघांनाही हाताने गिअर टाकायची सवय असली, तर बरंच. युरोपात ऑटोमॅटिक गाडी कमी मिळते आणि महाग मिळते. शिवाय पोर्तुगालमध्ये बारा वर्षांखालच्या आणि 135 सेंटिमीटरहून बुटक्या मुलाला वेगळी बालखुर्ची लागते. दोन नातवंडांच्या दोन खुर्च्या मधल्या रांगेत बसवल्या, की मागच्या रांगेची वाट बंद. तेव्हा सात आसनांतली नक्की किती आसनं सात जणांची, हे आपणच सांगावं.

हे सगळं नाखवांना पटायला वेळ लागेल. दरम्यान विमानतळावरच्या काउंटरवर गोड आवाजाची व्यक्ती ‘आज तुम्हाला त्याच भावात मोठी गाडी देतो’ म्हणेल आणि आपल्या किल्ल्या पुढे सरकवेल. त्या वेळी नाखवांनी किल्ली घेण्याआधी तळावर जावं, आपली सातही आसनं उघडायला लावावीत, एक बॅग डिकीत ठेवून दार लोटावं. दार लागलं नाही, तर किल्ली परत द्यावी आणि इस्टेट गाडी मागावी. आपण रागावू नये. आपल्यासाठी गिऱ्हाईक तयारच आहे: पाच माणसं, मागची रांग जमिनीत दुमडलेली आणि डिकी भरून सामान. तो आपला खरा संसार.

कळावे, लोभ आहेच, जागा असावी.

आपल्या नम्र,
पाचूबंदरच्या सात बॅगा
(आणि एक पिशवी सोड्यांची)