हळदीच्या व्हिडिओला गेमिंगचा डबा कशाला?

कर्जत-खालापुरात हळद म्हणजे लग्नाहून मोठी. मांडव, डीजे, रात्रभर नाच आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. सकाळ झाली की घरातल्या फोनांमध्ये मिळून कित्येक तासांचं चित्रण साठलेलं असतं. त्यातून वीस मिनिटांची नीट कापलेली फिल्म किती घरांत तयार होते?

बोटावर मोजण्याइतक्याही नाही.

मग घरातला एखादा हौशी ठरवतो, एडिटिंगसाठी कॉम्प्युटर घ्यायचाच. लोकल पकडून लॅमिंग्टन रोड गाठतो, नाहीतर जवळचं पनवेल. दुकानदाराचा पहिला प्रश्न, "बजेट किती?" चित्रण कशावर केलंय, हे तो विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही. पुढे येतो तो लाल-निळे दिवे लुकलुकणारा गेमिंगचा डबा. निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डात जातात. उरलेल्या पैशात छोटी डिस्क आणि फिक्या रंगांचा मॉनिटर.

हा व्यवहार उलटा आहे. तो सुलटा करायला थोडा हिशेब पुरतो.

आयफोनच्या सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं: फोर-के, सेकंदाला 60 फ्रेम, तर मिनिटाला साधारण 400 एमबी. म्हणजे सेकंदाला सात एमबीसुद्धा नाही. जुनी फिरती हार्ड डिस्कही सेकंदाला शंभरेक एमबी देते. मग सेकंदाला 7000 एमबीवाली महागडी एसएसडी कोणासाठी?

तुमच्या हळदीसाठी नक्कीच नाही.

एसएसडी जरूर घ्या. सॉफ्टवेअर चटकन उघडतं, टाइमलाइनवर मागे-पुढे उड्या मारताना डिस्क अडत नाही. पण साधी एनव्हीएमई त्याला पुरून उरते. वेगाचे पैसे वाचवा आणि जागा वाढवा. 400 एमबीने तासाला 24 जीबी होतात. त्यात विंडोज, सॉफ्टवेअर आणि एडिटिंगच्या तात्पुरत्या फाइली धरल्या, तर 512 जीबी एका लग्नसराईत भरते. एक टीबीच्या खाली बोलूच नका.

मग एडिटिंग करताना व्हिडिओ का अडखळतो? डिस्क तर रिकामी बसलेली असते.

खरी मेख इथे आहे. फोन चित्रण एच.265 पद्धतीने घट्ट आवळून ठेवतो. प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही, शेजारच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच टिपतो. त्यामुळे नवरीच्या मामाची एक गिरकी दाखवायची तरी आजूबाजूच्या कितीतरी फ्रेम उलगडाव्या लागतात. फाइल लहान, पण मेहनत मोठी. ही मेहनत करण्यासाठी चिपमध्ये वेगळा भाग असतो. इंटेल आपल्या प्रोसेसरमधल्या या भागाला क्विक सिंक म्हणते. एच.265 चं 10-बिट चित्रण तो सातव्या पिढीपासून स्वतः उलगडतो, आणि अलीकडचे आयफोन एचडीआरमध्ये काढतात ते चित्रण 10-बिटच असतं. पाचव्या-सहाव्या पिढीचा 'एकदम कंडिशनमध्ये' असलेला जुना लॅपटॉप स्वस्तात मिळतो तो उगाच नाही.

आणखी एक अक्षर नीट वाचा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी 'एफ' असेल, तर अंगचं ग्राफिक्स नाही आणि क्विक सिंकही नाही. किंमत थोडी कमी दिसते. मग वेगळं कार्ड घ्यावंच लागतं.

दुकानदाराची दुसरी विक्री तिथेच पक्की!

ग्राफिक्स कार्ड वाईट नाही. रंगकाम, चित्रातले दाणे कमी करणं, इफेक्ट यांना ते लागतं. पण कापणं, जोडणं, गाणं घालणं आणि नावं टाकणं, ही घरगुती एडिटिंगची बहुतेक कामं अंगच्या ग्राफिक्सवर होतात. त्याऐवजी रॅम 16 जीबी घ्या, पुढे वाढवायला एक खाच मोकळी आहे ना ते बघा.

चौक गावाजवळ एन. डी. स्टुडिओ आहे. सगळे त्याला कर्जतचा म्हणतात, आहे तो खालापूर तालुक्यात. 2005 साली नितीन चंद्रकांत देसाईंनी उभारला, 'जोधा अकबर'चा भव्य सेट तिथेच लागला. दाराशी सिनेमा असला की सिनेमावाल्यांचं यंत्र हवंसं वाटतं. पण त्यांचं गणित उलटं आहे. सिनेमाचे कॅमेरे चित्रण कमी आवळतात, फाइली अवाढव्य होतात, तिथे डिस्कच्या वेगाला किंमत येते. तुमच्या फोनचं दुखणं दुसरं, त्याला औषध त्यांचं का?

आता मॉनिटर. बजेट ताणलं गेलं की पहिली कात्री त्यालाच. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत '45 टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असतं. म्हणजे पडदा रंग कमी दाखवतो. तो आकडा दिसला की पुढच्या लॅपटॉपकडे वळा. त्या पडद्यावर हळदीचा पिवळा आजारी दिसतो, तुम्ही तो वाढवत नेता, आणि फिल्म टीव्हीवर लावली की सगळं घर नारिंगी. शंभर टक्के एसआरजीबीचा आयपीएस पडदा मागा. कार्डातून वाचलेले पैसे इथे घाला.

वीज? खोपोलीचं टाटांचं वीजगृह 1915 साली सुरू झालं, भिवपुरीचं 1922 साली. या दोन तालुक्यांत तयार झालेल्या विजेने मुंबईच्या गिरण्या चालवल्या. आणि आपल्या गावात पहिला पाऊस पडला की पंखा थांबतो.

फिल्म बाहेर काढताना वीज गेली की तासाभराची मेहनत वाया, आणि नशीब फुटकं असेल तर प्रोजेक्टची फाइलही. डेस्कटॉप घेणार असाल तर यूपीएसची किंमत आधीच बजेटमध्ये धरा. बाजारातला 600 व्हीएचा यूपीएस साधारण 360 वॉटचा भार पेलतो. मोठं कार्ड घातलेला गेमिंगचा डबा ऐन कामात त्याहून जास्त ओढू शकतो. मग यूपीएस असून उपयोग काय? या भागात माझं मत साधं आहे: बरा लॅपटॉप घ्या. बॅटरी त्यातच असते.

सॉफ्टवेअरबद्दल दुकानदार म्हणतो, "टाकून देतो ना!" क्रॅक केलेलं. त्याच्यासोबत व्हायरस फुकट येतो आणि घरचे सगळे व्हिडिओ त्याच डिस्कवर असतात. काही गरज नाही. दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती फोर-केपर्यंत फिल्म काढून देते. केडेनलाइव्ह आणि शॉटकट तर पूर्ण मोफत.

या तिन्हींत प्रॉक्सीची सोय आहे, आणि तिच्याबद्दल दुकानात कोणी अवाक्षर काढत नाही. सॉफ्टवेअर मूळ चित्रणाची हलकी, कमी आकाराची प्रत बनवतं. तुम्ही त्या प्रतीवर कापाकापी करता, शेवटची फिल्म मात्र मूळ फाइलीतूनच निघते. प्रती बनायला रात्रभर लागू द्या, झोपून जा. जुनाट मशीनवरही सकाळी काम सरळ चालतं. नवा कॉम्प्युटर घेण्याआधी घरातल्या जुन्यावर हे एकदा करून बघितलंत का?

बघा. कदाचित सगळे पैसे वाचतील.

आणि कृपा करून चित्रण व्हॉट्सअॅपवर मागवू नका. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबून बारीक होतो, नंतर लाखाचं मशीनही त्यात जीव घालू शकत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, दोन जीबीपर्यंत चालतं. त्याहून बरं म्हणजे पाहुणे जेवायला बसलेत तोवर केबल लावून उतरवून घ्या. गेलेला पाहुणा पुन्हा फाइल पाठवत नाही.

साठवण्याचं बोलू, कारण खरे पैसे इथे घालायचे. 2019 च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवासी सोडवावे लागले. उल्हास नदी काय करू शकते हे कर्जतकरांना सांगायला नको. तरी आपल्या घरची एकुलती एक प्रत एकाच डिस्कवर, तीही खालच्या कपाटात? दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. साध्या, फिरत्या, स्वस्तातल्या चालतील. एक घरी, दुसरी डोंबिवलीच्या बहिणीकडे किंवा पुण्याच्या काकांकडे. दर दिवाळीला अदलाबदल करा. ग्राफिक्स कार्ड नंतरही घेता येतं. आजीचा आवाज नंतर कुठून आणणार?

तो आवाज तर अजून माळ्यावरच्या कॅसेटमध्ये आहे.

दरवर्षी चार महिने इथे भिंतींना ओल येते, त्या ओलीत टेपला बुरशी धरते. मिनी-डीव्हीची कॅसेट तासाला 13 जीबी होते, आजच्या डिस्कला ते काहीच नाही. अडचण वेगळी आहे: ती जशीच्या तशी उतरवायला फायरवायरचं तोंड लागतं आणि नव्या लॅपटॉपला ते नसतं. म्हणून जुना हँडीकॅम भंगारात देऊ नका, फायरवायरचं कार्ड असलेला जुना डेस्कटॉपही नाही. नवं यंत्र घेण्याच्या भरात जुनं विकलं की कॅसेट मुकी झाली. नवी खरेदी पुढच्या वर्षी केली तरी चालेल. कॅसेट या पावसाआधी उतरवा.

दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली लंडनहून कॅमेऱ्याबरोबर फिल्मला छिद्रं पाडायचं यंत्रही आणलं. सरस्वतीबाई घरी बसून ती छिद्रं पाडत. आणि फाळक्यांनी थेट 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला नाही. आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून दाखवली, ती बघून पैसा उभा राहिला. घरच्या सिनेमाचा यापेक्षा चांगला धडा कुणी दिलेला नाही: आधी लहान तुकडा चालवून बघा, मग पैसे ओता.

तेव्हा लॅमिंग्टन रोडला जाताना खिशात पेन ड्राइव्ह ठेवा. त्यात तुमच्याच फोनमधली सर्वांत जड क्लिप, फोर-के, 60 फ्रेमची. दुकानातल्या मशीनवर एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडायला सांगा, क्लिप टाका, मागे-पुढे ओढा, दोन ठिकाणी कापा. सरळ चाललं तर पावती करा. अडखळलं, किंवा दुकानदार पेन ड्राइव्ह लावूच देईना, तर उठा. शेजारी दुसरं दुकान आहे.