नॅक, फिशपाँड आणि आमची कन्या

मोठ्या कॉलेजचा प्रश्न कटऑफने परस्पर निकालात काढला. फर्ग्युसन १८८५ सालचं, एसपी १९१६ सालचं, ही माहिती मी कित्येक वर्षं उगाच पाठ करून ठेवली होती. लेकीचे बारावीचे मार्क आले आणि ती माहिती निरुपयोगी झाली. उरली दोन कॉलेजं. एक पुण्यातलं मध्यम आकाराचं; दुसरं आमच्या तालुक्याच्या गावातलं छोटं, जिथून मी स्वतः बीएस्सी झालो.

माझं मत पुण्याला. कारण शैक्षणिक आहे असं मी भासवत होतो. खरं कारण सोसायटीची लिफ्ट. ‘लेक कुठे घातली?’ असं कुणी विचारलं, तर चौथा मजला यायच्या आत उत्तर पुरं व्हायला हवं, आणि ऐकणाऱ्याने ‘अरे वा’ म्हणायला हवं. छोट्या कॉलेजचं नाव सांगायचं म्हणजे आधी संस्था, मग संस्थापक, मग जिल्हा, मग ‘फाट्यावरून आत’. तेवढ्यात समोरचा कुलूप उघडून घरात गेलेला असतो.

मग मी नॅकचा आधार घेतला. पुण्याच्या कॉलेजने गेटवर ‘ए प्लस’ असं रंगवलं होतं, लांबून बसमधूनही वाचता येईल असं. गावाकडच्याला बी डबल प्लस. ए प्लस ३.२६ला सुरू होतं आणि बी डबल प्लस ३.००ला संपतं, हे मी लेकीला अशा गंभीर आवाजात सांगितलं, की मधल्या पाव गुणात तिचं लग्न अडकलंय असं वाटावं.

“बाबा, समिती येणार म्हटलं की भाड्याने कुंड्या आणतात, हे तूच सांगितलं होतंस ना?”

सांगितलं होतं. मुलांसमोर फार बोलू नये.

खरं म्हणजे कॉलेजचा आकार मोजायचं नॅकहून खात्रीचं माप म्हणजे गॅदरिंगचे फिशपाँड. मोठ्या कॉलेजात ते जीएसला, क्रिकेटच्या कॅप्टनला आणि दहा-बारा देखण्या मंडळींना पडतात. बाकीच्या जनतेने टाळ्या वाजवायच्या. मध्यम कॉलेजात थोडी लोकशाही असते. तिथल्या एकांकिकेत नुसता पडदा ओढणाऱ्यालाही एखादा फिशपाँड मिळून जातो. छोट्या कॉलेजात मात्र कुणीच सुटत नाही. शिपायाला पडतो, ग्रंथपालाला पडतो, प्राचार्यांच्या स्कूटरला पडतो. अशा ठिकाणी एका वर्षी मला एकही पडायची चिन्हं दिसेनात, तेव्हा मीच स्वतःवर एक लिहून डब्यात टाकला : ‘लायब्ररीत पुस्तकं कमी करा, आरसे वाढवा, आमचे हिरो तिथे वाचायला नाही, दिसायला येतात.’ सरांनी चिठ्ठी उघडली. चष्मा कपाळावर सरकवला, चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली आणि माईकवरच म्हणाले, “अक्षर ओळखीचं आहे. जर्नल कधी देतोस रे?”

पुढची दोन वर्षं माझं नाव ‘आरसा’ होतं. छोट्या कॉलेजात अक्षर लपत नाही.

तरीही लेकीला ‘नुसतं बघायला’ तिकडे नेताना मी कडक इस्त्रीचा शर्ट घातला. कुणीतरी ओळखेल, चहा मागवेल. खिडकीतल्या क्लार्कने मान वर न करता सांगितलं, “पालक बाहेर थांबा.”

बाहेर थांबून मी बॉटनीच्या लॅबच्या खिडकीत डोकं घातलं. आत एक तरुण मॅडम लेकीला हर्बेरियमचं कपाट दाखवत होत्या. डांबरगोळ्यांचा वास खिडकीपर्यंत आला. एका शीटवर कुर्डूची वाळलेली फांदी, पांढऱ्या दोऱ्याने टाचलेली. कोपऱ्यातल्या लेबलवर शास्त्रीय नाव, गाव, तारीख आणि ती फांदी आणणाऱ्या मुलीचं नाव. “ही आता हायस्कूलला शिकवते,” मॅडम म्हणाल्या. पुढची शीट काढली, त्या मुलाचीही खबर त्यांच्याकडे होती.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. तास घेतला तर पैसे. त्या दिवशी प्रवेशाची खिडकी सोडली तर कॉलेज बंदच होतं, म्हणजे पैसे नाहीत. तरी आल्या होत्या, कारण मुलं भरली नाहीत तर कार्यभार घटतो आणि कार्यभार घटला की पहिल्या त्या जातात. पीएचडी झालेली बाई दरवर्षी नव्याने मुलाखत देते. मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी ठेवायची आणि मूल्यांकनात पूर्णवेळ शिक्षक कमी म्हणून त्याच कॉलेजचे गुण कापायचे! मला भयंकर राग आला. तो कुणावर काढायचा हे कळेना, म्हणून गेटवरच्या चहावाल्याशी साखरेवरून भांडलो.

परतताना लेकीने निकाल सांगितला. “इथेच. मी आणलेल्या झाडाखाली माझं नाव लागणार, बाबा.”

पोरगी माझीच आहे, याबद्दल शंका उरली नाही.

प्रवेशाच्या दिवशी क्लार्कने फॉर्म वाचता वाचता प्रथमच मान वर केली. “तुम्ही आपले माजी विद्यार्थी?”

मी शर्टाची कॉलर नीट केली. “हो.”

“मग पाचशे रुपये. माजी विद्यार्थी संघाची आजीव वर्गणी. नॅकला संख्या दाखवावी लागते.”

मी रुबाबात हजार पुढे केले.

“पाचशेच द्या,” तो पावती फाडत म्हणाला. “हजार दिले तरी माणूस एकच धरतात.”