मोत्या म्हणाला, 'तुडवू नका!'

वाङ्मयात कुत्र्याचं सगळ्यात मोठं नुकसान केलं ते त्याच्या इमानीपणानं. इमानी प्राण्यावर पोवाडा होतो, धडा होतो, फार तर पुतळा होतो. विनोदी कविता मात्र होत नाही. मांजराकडे बघा. आपलंच दूध पिऊन वर आपल्याकडेच संशयानं पाहणारा हा प्राणी, पण बाळगोपाळांच्या कवितेत त्याचे लाड काय विचारता! भूभूला बोलावणं येतं ते घास भरवायच्या वेळी. 'तो बघ भूभू' म्हटलं, मुलानं आ केला, घास आत गेला की भूभूचं काम संपलं.

नातीच्या शाळेत पाठांतराची स्पर्धा निघाली आणि तिला कुत्र्यावरचीच, आणि तीही 'हसायची' कविता हवी झाली, म्हणून मी या विषयात शिरलो. घरातली पुस्तकं काढली. विंदा करंदीकरांचा 'राणीची बाग' हा बालकवितांचा संग्रह १९६१ सालचा. पण राणीच्या बागेत कुत्र्याला पिंजरा कुठला मिळायला? तो आपला फाटकाबाहेर, भेळेच्या गाडीखाली. इतरत्र जे कुत्रे भेटले ते सगळे रात्रभर जागणारे आणि धन्यासाठी जीव टाकणारे. नात म्हणाली, "आजोबा, हा तर वॉचमन आहे." आमचा वॉचमन रात्रभर जागत नाही, पण ते मी बोललो नाही.

परदेशातही फार वेगळी स्थिती नाही. टी. एस. इलियटसारखा भारदस्त कवी मुलांसाठी कुत्री आणि मांजरं अशा दोघांवर मिळून पुस्तक लिहायला निघाला होता. १९३९ साली पुस्तक आलं तेव्हा शीर्षकात नुसती मांजरं! कुत्र्यांना एका कवितेत भांडायला जागा दिलीय, पण तिथेही शेवटी एक बोका येतो आणि सगळ्यांना पळवून लावतो. पुढे त्याच पुस्तकावरून लंडनमध्ये संगीत नाटक निघालं, जगभर गाजलं, मांजरांनी वर्षानुवर्षं रंगमंच अडवून ठेवला. हे राजकारण नाही तर काय?

अपवाद एकच, पण तो असा की बाकी सगळं माफ. १८०५ साली लंडनच्या जॉन हॅरिस या प्रकाशकानं सारा कॅथरिन मार्टिन या बाईंचं एक छोटं सचित्र पुस्तक काढलं. त्यात मदर हबर्ड नावाची म्हातारी आणि तिचा कुत्रा. म्हातारी हाडूक आणायला फडताळाशी जाते तर फडताळ रिकामं. मग पाव आणायला जाते आणि परत येते तर कुत्रा मेलेला. बिचारी शवपेटी आणायला धावते. परत येते तर कुत्रा हसतोय! आता एखाद्यानं त्याला तिथेच हाकलला असता. पण म्हातारीच्या खेपा काही थांबत नाहीत. ती बाहेर जाते आणि हा घरात चिलीम ओढतो, डोक्यावर उभा राहतो, बासरी वाजवतो, बोकडावर बसतो. ती चांभाराकडून याला बूट घेऊन येते, तर हा आरामात वर्तमानपत्र वाचत बसलेला. पुस्तकभर त्यानं एकदाही घर राखलेलं नाही, चोर पकडलेला नाही, शेपूटही हलवलेलं आठवत नाही. इमानी जी आहे ती म्हातारी. दोनशे वर्षं पोरं या कुत्र्यावर का खूश आहेत ते मला तेव्हा कळलं. सगळी जबाबदारी झटकून तो मोकळा झालाय.

ऑलिव्हर गोल्डस्मिथनं १७६६ च्या आपल्या कादंबरीत एका लहान मुलाच्या तोंडी असंच एक गाणं घातलंय. एक अतिशय सज्जन गृहस्थ, त्याला कुत्रा चावतो, अख्खा गाव गृहस्थाच्या मरणाची वाट बघतो आणि मरतो तो कुत्रा. आमच्या सोसायटीतले काही सभासद डोळ्यांसमोर येऊन मी ती कविता नातीला वाचून दाखवायचं टाळलं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर ऋग्वेदात आहे! सातव्या मंडलातलं पंचावन्नावं सूक्त. परंपरा सांगते की भुकेला वसिष्ठ रात्री वरुणाच्या घरात शिरला आणि कुत्रा अंगावर आला. ऋषीच तो, काठी न उगारता सूक्त म्हणू लागला. भुंकायचं तर चोरावर भुंक, आम्ही इंद्राची स्तोत्रं गाणारी माणसं, आमच्यावर कशाला, झोप बघू, असा एकूण आशय. मग आई झोपो, बाप झोपो, कुत्रा झोपो, घरधनीही झोपो. रात्री दुसऱ्याच्या घरात घुसलेला माणूस 'मी चोर नाही, कवी आहे' असं कुत्र्याला पटवतोय, याहून विनोदी प्रसंग मला तरी माहीत नाही. पण आपण त्याचे स्वर सांभाळले, हसायचं राहून गेलं.

एवढी परंपरा पाठीशी आहे म्हटल्यावर मी स्वतःच कविता लिहायला बसलो. नमुना समोरच होता. आमच्या इमारतीतला कुत्रा कोणाचाच नाही, म्हणून सगळ्यांचा आहे. तळमजल्यावर तो मोत्या, वॉचमनचा शेरू, आणि तिसऱ्या मजल्यावर आमच्याकडे ब्रूनो, कारण आमची ही इंग्रजी सिनेमे बघते. तिन्ही नावांनी तो जेवतो. घंटागाडीवर तो इमानेइतबारे भुंकतो, पण कुरियरवाल्याला लिफ्टपर्यंत सोडायला जातो. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत 'भटक्या कुत्र्यांचा बंदोबस्त' हा विषय निघाला, तेव्हा तो अध्यक्षांच्याच खुर्चीखाली झोपला होता. ठराव पुढच्या सभेवर गेला. कविता अशी झाली:

मोत्या आमचा पहारेकरी,
झोप काढतो पायरीवरी.
चोर म्हणाला, 'ओलांडू का?'
मोत्या म्हणाला, 'तुडवू नका!'

नात खूप हसली, मग गंभीर झाली. "चोराला 'अहो' म्हणतो तो?" मी म्हटलं, "ओळख नाही ना अजून." हे तिला पटलं.

शाळेतल्या बाईंना मात्र पटलं नाही. कवितेतून मुलांनी काय घ्यायचं, असा त्यांचा निरोप आला. शेवटी प्राणिमात्रांवर प्रेम करा अशा अर्थाचं एखादं कडवं घालता आलं तर बरं, अशी सूचनाही होती. मी काही घातलं नाही. पण नात आज्ञाधारक. दुसरं कडवं तिनं आपलं आपण केलं, कोणाला न दाखवता, आणि स्पर्धेच्या दिवशी भरल्या सभागृहात, माईकसमोर, हातवारे करून म्हटलं:

चोर म्हणाला, 'खायला काय?'
मोत्या म्हणाला, 'दूध-साय!
तिसरा मजला, डावं दार,
'ब्रूनो' म्हणा, देतात फार!'

टाळ्या पडल्या. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अतिथीचा सत्कार! छान मूल्य आहे हो." मी मान डोलावली. तिसरा मजला, डावं दार म्हणजे आमचंच. बाहेर पडताना एका अनोळखी पालकानं मला थांबवून विचारलं, "काका, सोसायटी कुठली तुमची?"