आमचा हा ऐकत नाही

आमच्या घरात माझ्याविषयी आजवर एकाच मुद्द्यावर एकमत झालेलं आहे: 'हा ऐकत नाही.' आईने हे शाळेत येऊन बाईंना सांगितलं, मामाला सांगितलं, एका रंगपंचमीला मढीला जाऊन कानिफनाथांच्याही कानावर घातलं. त्यामुळे मार्चमध्ये मी मेलबर्नहून महिनाभरासाठी तिसगावला आलो आणि म्हणालो, "आई, मला ऐकायची परीक्षा आहे. रोज दोन तास कुणी हाक मारू नका," तेव्हा तिचा भाकरी थापणारा हात थांबला.

"ऐकायची? अन् तुझी?"

दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेपर खाली केला. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केलेला माणूस. "लेखी माहीत आहे, तोंडी माहीत आहे," ते म्हणाले. "ऐकायची परीक्षा आजच ऐकतोय."

तर परीक्षा अशी. ऑस्ट्रेलियात कायमचं राहायचं म्हटलं की तिथलं सरकार माणसाची गुणपत्रिका मांडतं. वयाचे इतके, शिक्षणाचे इतके, इंग्रजीचे इतके. त्यात दुभाष्याच्या कामाची एक चाचणी पार केली तर वरचे पाच गुण मिळतात. ती घेणाऱ्या संस्थेचं आखूड नाव नाटी. १९७७ साली ती स्थापन झाली, तिथल्या दुभाष्यांना आणि भाषांतरकारांना तीच प्रमाणपत्र देते, आणि तिच्या भाषांच्या यादीत आपली मराठीही आहे. नाव ऐकून आजी म्हणाली, "नावातच नाट हाये."

दोन संवाद असतात, साधारण तीन-तीनशे शब्दांचे. एक बाजू इंग्रजी बोलते, दुसरी मराठी, आणि मध्ये तुम्ही. कधी दवाखाना, कधी भाड्याचं घर, कधी कोर्टकचेरी, कधी विमा. जास्तीत जास्त पस्तीस शब्दांचा एक तुकडा ऐकायचा आणि लगेच दुसऱ्या भाषेत म्हणायचा. ९० पैकी ६३ पाहिजेत, शिवाय दोन्ही संवादांत निदान २९-२९. एका संवादात एकदाच 'परत ऐकवा' म्हणता येतं. त्यापुढे प्रत्येक वेळी दंड. आणि मुख्य अट: काही गाळायचं नाही, काही घालायचं नाही, काही बदलायचं नाही.

ही अट मी जेवताना वाचून दाखवली तेव्हा सगळे गप्प झाले. आमच्याकडे पारावरून निघालेली गोष्ट वेशीपर्यंत जाईस्तोवर तिला दोन पोरं झालेली असतात. ऐकलं तेवढंच सांगणाऱ्याला गावात माणूसघाणा म्हणतात.

योगायोग म्हणजे ऑस्ट्रेलियात फोनवरून दुभाषी पुरवणारी एक सरकारी सेवा आहे. १९७३ पासून चालू आहे, १३१ ४५० हा तिचा नंबर, आणि नाव टीआयएस नॅशनल. मेलबर्नच्या माझ्या खोलीतल्या जोडीदाराने, जो पुण्याचा आहे आणि हीच परीक्षा देतो आहे, माझ्या पासपोर्टवरचा पत्ता पाहिला. इंग्रजीत तिसगावची पहिली तीन अक्षरं टी, आय, एस. "तुमचं अख्खं गावच दुभाष्यांचं का रे?" त्याने विचारलं. पुणेकराकडून गावाचं झालेलं हे एकमेव कौतुक, म्हणून नोंदवून ठेवतो.

आता माझी अडचण. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. आमची पिढी त्या पाण्यात उतरलेल्या पहिल्या काही तुकड्यांतली. पण इंग्रजी आम्ही डोळ्यांनी शिकलो. फळ्यावर पाहिलं, गाईडमध्ये पाहिलं, परीक्षेत पाहून लिहिलं (दोन्ही अर्थांनी). कानावर जे पडलं ते गुरुजींचं, आणि गुरुजी इंग्रजी मराठीतच बोलायचे. मेलबर्नला उतरलो तेव्हा छापील इंग्रजीचा मी राजा होतो आणि बोलत्या इंग्रजीपुढे ठार बहिरा.

सरावाला दादा आपणहून पुढे आले. सरावाचे संवाद मी छापून आणले होते. इंग्रजी बाजू ते वाचणार, मी मराठीत सांगणार. चष्मा लावला, घसा खाकरला आणि सुरू केलं: "डॉक्टर, आय हॅव अ पेन, स्वल्पविराम, आय हॅव अ पेन, इन माय लेफ्ट हिप, इन माय लेफ्ट हिप, पूर्णविराम. झालं का लिहून?"

चौतीस वर्षांचं श्रुतलेखन हाडात मुरलेलं. प्रत्येक तुकडा दोनदा, विरामचिन्हांसकट, आणि मागे बाकांच्या रांगेतून फिरावं तशा ओट्यावर येरझाऱ्या. चार दिवसांत मला शंभर टक्के समजायला लागलं. पाचव्या दिवशी लक्षात आलं, की मला इंग्रजी नाही, दादा समजायला लागलेत. ऑस्ट्रेलियातला कुठलाही डॉक्टर 'स्वल्पविराम' म्हणत नाही. तो श्वाससुद्धा घेत नाही.

मग मी गच्ची धरली. पहाटे उठून मोबाइलवर तिकडचं एबीसी रेडिओ लावायचं. मार्चमध्ये इकडे सकाळचे साडेसहा होतात तेव्हा मेलबर्नला दुपारचे बारा वाजतात, म्हणजे तिथल्या दुपारच्या बातम्या आणि इथला झुंजुमुंजू उजेड एकाच वेळी. खाली कल्याण-विशाखापट्टणम महामार्गावरून वृद्धेश्वर कारखान्याकडे उसाचे ट्रॅक्टर चाललेले, दोन-दोन ट्रॉल्या मागे आणि कानठळ्या बसवणारं गाणं पुढे. आजी ऊन खायला वर येऊन बसायची.

ऑस्ट्रेलियन माणूस शब्द अर्धे खातो आणि उरलेल्याला शेपूट लावतो. दुपार म्हणजे आफ्टरनून, तर तो म्हणणार 'आर्व्हो'. रेडिओवर चारदा आर्व्हो आर्व्हो झालं तसं आजीने विचारलं, "काय आरवलं म्हणतोय त्यो?"

"दुपार म्हणतोय, आजी."

तेवढ्यात खरोखरच शेजारचा कोंबडा आरवला. त्यांची आर्व्हो सुरू होते तेव्हा आमच्याकडे आरवायचीच वेळ असते. आजीचं समाधान झालं. माझ्याही डोक्यात तो शब्द असा बसला, की आता दुपार म्हटलं की तुरा दिसतो.

गच्चीवर रेडिओ झाला की खालच्या खोलीत संवाद घ्यायचो. इथे एक गोष्ट सांगायला हवी. दुभाष्याने 'ती बाई म्हणते की' असं म्हणायचं नसतं. बाई 'मी' म्हणाली की आपणही 'मी' म्हणायचं. नियम चांगला आहे, फक्त खिडकी बंद करून पाळायचा आहे. त्या दिवशीच्या संवादात एक बाई सरकारी कचेरीत आली होती. मी डोळे मिटून, हेडफोन लावून, त्यामुळे हवं त्यापेक्षा जरा मोठ्यानेच, बोलत होतो:

"मला तिसरा महिना चालू आहे. माझा नवरा घरात पैसे देत नाही. मला आता त्या माणसाबरोबर राहायचं नाही."

डोळे उघडले तर खिडकीत विरजण मागायला आलेल्या शेजारच्या काकू. हातातली वाटी तशीच. काही न बोलता त्या स्वयंपाकघराकडे गेल्या आणि आईशी बराच वेळ हळू आवाजात बोलल्या. आईने परीक्षेचं सांगितलं असणार, कारण शेवटचं वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं: "असू द्या वहिनी, पण यात्रा चालूच आहे, तर पोराला एकदा मढीला नेऊन आणा."

पुणेकर जोडीदाराबरोबर रात्री फोनवर सराव चालायचा. एका संवादात कामगार मालकाकडे आगाऊ पैसे मागतो. मी सरळ म्हणालो, "मला थोडी उचल मिळेल का?" पलीकडे शांतता.

"उचल? तो चोरी करतोय का?"

आमच्या पाथर्डी तालुक्यात हा शब्द ज्याला माहीत नाही त्याला जेवायला वाढत नाहीत. इथल्या किती घरांचा दसरा-दिवाळी उचलीवर निघतो. मुकादमाकडून उचल घ्यायची, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरायचा आणि हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत ऊस तोडून ती फेडायची. जोडीदार म्हणाला, अ‍ॅडव्हान्स म्हण. मी म्हणालो, अ‍ॅडव्हान्स इंग्रजी आहे. तो म्हणाला, मग अग्रिम म्हण. अग्रिम मागणारा कामगार मला अजून भेटायचा आहे.

ही तक्रार मी आजीपुढे केली, आणि तिथून माझ्या अभ्यासाची गाडी रुळावर आली. आजी स्वतः कोयत्यावर गेलेली. बैलगाडीच्या काळात तिने सहा हंगाम बेळगावकडच्या कारखान्यांवर काढले. दादा तेव्हा इथे माझ्या पणजीकडे राहून शिकत होते. टोळीत कुणाला कानडी येत नव्हतं. सहा महिन्यांत आजीला यायला लागलं आणि मालक आणि टोळी यांच्यामध्ये तिला उभं करायला लागले. म्हणजे आमच्या घरातली पहिली दुभाषी, प्रमाणपत्राशिवायची.

"पैला शब्द नाळे," ती म्हणाली. "आम्ही वाढं विकायचो, उसाचे शेंडे, जनावरांना. नेणाऱ्याला पैसे मागितले की त्यो म्हणायचा, नाळे. मला वाटलं कोणतरी नाळे आडनावाचा हिशेबनीस असंल, त्याच्याकडं पैसे आसतील. आठ दिवस मी इचारत हिंडले, हे नाळे कुठं बसत्यात?"

नाळे म्हणजे उद्या.

"मंग कानडी कळायला कसं लागलं?"

"शेवटचा शबूद धरायचा. बेकु म्हणला की पायजे, बेडा म्हणला की नको. मधलं कितीबी वाजू दे."

ती सहज बोलून गेली, पण मला ठसका लागला. आदल्याच दिवशी कंबरेच्या त्या संवादात डॉक्टर म्हणाला होता, 'आय डोंट थिंक यू विल नीड अ‍ॅन ऑपरेशन', आणि मी पेशंटला छातीठोकपणे सांगितलं होतं, 'मला वाटतं तुमचं ऑपरेशन करावं लागेल.' पाठोपाठ तीन संवादांत माझं हेच झालं होतं: नाहीचं आहे. कान खराब म्हणून मी हेडफोन बदलायला निघालो होतो. कान चांगले होते, वळण वेगळं होतं. मराठी काय, कानडी काय, क्रियापद शेवटी. आपला कान शेवटी जागा होतो. इंग्रजी माणूस नकार उंबऱ्यावरच ठेवून मग आत येतो. मराठी माणूस येतो, बसतो, पाऊस-पाण्याचं विचारतो, चहा पितो, आणि उठता उठता चप्पल शोधत म्हणतो, 'तेवढं काही जमायचं नाही.' माझा कान चपलेपाशी वाट बघत बसायचा आणि तो 'डोंट' कधीच दारातून निघून गेलेला असायचा.

त्या दिवसापासून मी वहीत एकच खूण करायला लागलो. वाक्याच्या सुरुवातीला 'नॉट', 'डोंट', 'नेव्हर' काहीही ऐकलं की आधी डाव्या बाजूला मोठी फुली. बाकीचं नंतर. एवढ्या एका फुलीने माझ्या चुका निम्म्यावर आल्या. हे कुठल्या गाईडमध्ये नाही. आणि ज्याचा अभ्यास इंग्रजीच्या तासाला न होता आजीच्या कानडीने झाला, त्याने गाईड काढूही नये.

आजीला मात्र परीक्षेत बसवलं असतं तर शून्य पडलं असतं. एकदा मालक बांधावर उभा राहून टोळीला शिव्या देत होता, माझ्या आजोबांच्या सात पिढ्यांपर्यंत पोचला होता. टोळीने विचारलं, काय म्हणतोय? आजीने सांगितलं, "ढगं आल्यात, जरा उरका म्हणतोय." टोळीतल्या एकाने त्यावर मालकाला जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही. आजीने तेही कानडीत पोचवलं: "उरकतो म्हणतोय." हे मी नाटीच्या नियमांत बसवून पाहिलं. गाळलं, घातलं, बदललं, तिन्ही कलमं लागतात. सहा हंगामांत त्या टोळीत कोयता मात्र उसाशिवाय कशावर पडला नाही.

तिचा एकच त्रास होता. प्रत्येक संवादाच्या शेवटी तिला पुढचं पाहिजे असायचं. सरावाचे संवाद मध्येच संपतात. 'पुढच्या मंगळवारी या' की झालं. मी वही मिटली की आजी विचारायची, "मंगळवारी गेली का ती? कंबरंचं काय झालं?" मी म्हणायचो, तिथे संपलं. "आसं कसं संपल? दुखायचं थांबलं का?" शेवटी मी सांगून टाकलं, थांबलं, ऑपरेशनशिवाय बरी झाली. घातल्याचे गुण कापायचे तर कापा.

एप्रिलच्या अखेरीला मेलबर्नच्या खोलीत, कॅमेऱ्यासमोर बसून परीक्षा दिली. पहिला संवाद दवाखान्याचा निघाला. दुसऱ्याच तुकड्यात एका दमात औषधाचं नाव, दिवसातून किती वेळा ते, आणि कशाबरोबर घ्यायचं नाही ते, सगळं आलं. फुली पडली, पण वेळा निसटल्या. तिथेच 'परत ऐकवा' खर्ची पडलं. दुसऱ्या संवादात कामगार होता, मालक होता आणि आगाऊ पैसेही होते. पुणेकराची आठवण झाली, अग्रिम ओठांवर आला, आणि तोंडून निघालं: उचल. तपासणारा मराठवाड्याकडचा किंवा नगरचा निघाला तर बरं.

निकाल अजून लागलेला नाही. आजी दर रविवारी फोनवर विचारते, "लागला का?" मी म्हणतो, "नाळे."